चेलो वाजवणाऱ्या बाईंचं नाव लिहा: ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटला खुलं पत्र

प्रति,
मा. नियामक मंडळ व राष्ट्रीय चित्रपट संग्रहाचे सर्व संबंधित,
ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, लंडन

सविनय नमस्कार.

आधी मागणी सांगते, कारणं मागाहून. जुना ब्रिटिश चित्रपट रिस्टोर झाला, म्हणजे खराब झालेली प्रत दुरुस्त होऊन पुन्हा लख्ख झाली, की त्या प्रतीला एक नवी पाटी जोडली जाते. मूळ निगेटिव्ह कोणत्या संग्रहातली, काम कोणत्या प्रयोगशाळेत झालं, पैसे कोणी दिले, हे सगळं त्या पाटीवर येतं. यायलाच हवं. माझं म्हणणं इतकंच, की त्या पाटीच्या मागे आणखी एक पाटी जोडा. ज्यांनी त्या चित्रपटात उभं राहून काम केलं, ज्यांची ओळख आज पक्की पटलेली आहे, पण ज्यांची नावं मूळ टायटल्समध्ये, म्हणजे पडद्यावरच्या श्रेयनामावलीत, आलीच नाहीत, त्यांची नावं तिच्यावर लिहा. दहा सेकंदांची पाटी पुरेल.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत ते इथे देते, कारण पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांमध्ये ब्रिटिश चित्रपट पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या लोकांची संख्या अगदीच थोडी नाही, आणि त्यांनीही या मागणीला हात लावावा अशी इच्छा आहे. आपली आणि आमची ओळख तशी जुनी. हिमांशू राय यांचा 1928 सालचा ‘शिराज’ आपण रिस्टोर केलात, 2017 मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह लंडनमध्ये दाखवलात आणि त्याच वर्षी मुंबईलाही आणलात. एवढ्या निगुतीने दुसऱ्याच्या देशातला चित्रपट जपणाऱ्या संस्थेला घरातल्याच माणसांची आठवण करून द्यावी लागते, याचं नवल वाटतं.

उदाहरण घरातलंच घेऊ. डेव्हिड लीन यांचा ‘ब्रीफ एन्काउंटर’, 1945. 1999 साली आपणच काढलेल्या शंभर सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपटांच्या यादीत तो दुसरा होता. 2008 मध्ये लीन यांच्या जन्मशताब्दीला त्यांचे सुरुवातीचे दहा चित्रपट आपण रिस्टोर केलेत, त्यात हाही आला. कार्नफोर्थ स्टेशनवरची वाफ, नायिका लॉरा झालेल्या सेलिया जॉन्सनच्या डोळ्यांतलं पाणी, पार्श्वसंगीतातला रखमानिनॉफचा पियानो कॉन्चेर्टो, सगळं नव्यासारखं लख्ख झालं.

आता त्यातला एक प्रसंग आठवा. लॉरा आणि डॉक्टर अ‍ॅलेक गुरुवारी दुपारी कार्डोमा हॉटेलात जेवायला बसले आहेत. दोघांची ओळख अजून कच्ची आहे. हॉटेलात बायकांचा वाद्यवृंद चाललाय आणि त्यात एक बाई चेलो वाजवते आहे. वाजवते म्हणजे काय, चेलोशी झोंबते आहे. सगळं अंग त्यात, चेहऱ्यावर जगाला काहीतरी थोर देत असल्याचा भाव, आणि कानावर येतंय ते कसंबसं. अ‍ॅलेक तिच्याकडे पाहून थट्टा करतो, लॉराला हसू येतं. मग दोघं सिनेमाला जातात. मध्यंतरात पडद्यासमोरच्या खड्ड्यातून ऑर्गन वर येऊ लागतो, जसा तेव्हाच्या ब्रिटिश थिएटरांत यायचा, आणि ऑर्गनवर बसलेली बाई? तीच! दुपारची चेलोवाली. लॉराचा आधी विश्वास बसत नाही, मग दोघांना हसू आवरत नाही.

मी हा चित्रपट जेव्हा जेव्हा पाहते तेव्हा मला वाटतं, प्रेम इथे जुळलं. डोळ्यात गेलेला कोळशाचा कण काढणं, रुमाल, स्टेशनवरचा चहा ही सगळी तयारी झाली. दोन परकी माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीला खळखळून हसली की त्यांच्यात काहीतरी होऊन जातं, आणि ते हसू त्यांना मिळालं त्या बाईमुळे. ती नसती तर पुढचे स्टेशनवरचे निरोप नुसते रडके झाले असते. (रखमानिनॉफच्या चाहत्यांनी रागावू नये. मला त्या चित्रपटातला ऑर्गन जास्त आवडतो.)

ती बाई म्हणजे आयरीन हँडल. टायटल्समध्ये तिचं नाव नाही.

गंमत अशी, की त्याच टायटल्समध्ये पियानोवादक आयलीन जॉइस यांचं नाव आहे, नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राचं आहे, संचालक म्युर मॅथिसन यांचं आहे. ज्यांचं बोटही पडद्यावर दिसत नाही त्या वादकांना मान मिळाला आणि जी वादक बनून दोनदा समोर बसली तिला नाही. आयलीन जॉइस मोठ्या कलावती होत्या, त्यांचं नाव काढा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण त्या दोन पाट्यांच्या मध्ये कुठेतरी एक ओळ बसली असती.

आयरीन हँडल कोण, हे आपल्याला मी सांगायला नको. मराठी वाचकांसाठी सांगते. जन्म 1901, लंडन. वडील ऑस्ट्रियन, बँकेच्या धंद्यातले, आई फ्रेंच. घरी नोकरचाकर. पस्तिशी उलटेपर्यंत बाईंनी अभिनयाचा विचारही केला नव्हता. मग शिकल्या, रंगभूमीवर आल्या, आणि 1937 मध्ये मोलकरणीच्या एका बारीकशा कामात लोकांना असं हसवलं की तिथून पुढे मोलकरीण, स्वयंपाकीण, घरमालकीण, फरशी पुसणारी, चहा देणारी अशा भूमिकांची रांगच लागली. बँकवाल्याची लेक आयुष्यभर दुसऱ्यांच्या फरशा पुसत राहिली, पडद्यावर. 1940 च्या ‘नाइट ट्रेन टू म्युनिक’मध्ये तर ती स्टेशनमास्तर आहे. तीस वर्षांनी बिली वाइल्डरच्या शेरलॉक होम्सवरच्या चित्रपटात होम्सची घरमालकीण मिसेस हडसन तीच. मधल्या काळात शंभराच्या आसपास चित्रपट, शिवाय टीव्ही, शिवाय स्वतः लिहिलेल्या कादंबऱ्या. उतारवयात नाव झालं, लोक ओळखू लागले. पण ज्या चित्रपटासाठी जग ब्रिटिश सिनेमाकडे हात जोडून पाहतं, त्यात ती आजही बिननावाची बसून चेलो वाजवते आहे.

हे असं का झालं, यात कोणा एकाचा दुष्टपणा नव्हता. 1927 च्या कायद्याने ब्रिटिश थिएटरांवर देशी चित्रपट दाखवण्याचं बंधन घातलं आणि तिकडे धडाधड, स्वस्तात चित्रपट निघू लागले. एल्स्ट्री, डेनहॅम, शेपर्टन, पाइनवुड, ईलिंग, सगळीकडे रोज कोणीतरी दार उघडायला, कोणीतरी टेलिफोन जोडून द्यायला, कोणीतरी पबच्या काउंटरमागे उभं राहायला हवं असे. अशा कामांसाठी नाटकात मुरलेले नट-नट्या दिवसाच्या बोलीवर बोलावले जात. त्याच 1927 मध्ये ‘स्पॉटलाइट’ ही नटांच्या फोटोंची सूची सुरू झाली. त्यात पानं उलटायची, चेहरा पसंत करायचा, बोलवायचं. टायटल्स त्या काळी सुरुवातीला येत आणि त्यांना जागा थोडी. दहा-पंधरा-वीस नावं बसली की कारभार आटोपला. आजच्यासारखी शेवटी पाच-पाच मिनिटं सरकणारी यादी, ज्यात युनिटच्या हिशेबनिसाच्या मदतनीसाचंही नाव असतं, ती फार पुढची गोष्ट. तेव्हाच्या लोकांना दोष देऊन उपयोग नाही. पण तेव्हा जागा नव्हती म्हणून आजही नाही, हे कसं?

दुसरं उदाहरण मॅरियन स्टोन यांचं. त्यांच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आयरीन हँडलला निदान म्हातारपणी कीर्ती मिळाली, मॅरियन स्टोनला तीही नाही.

जन्म 1922, मृत्यू 2009. मधल्या आयुष्यात दोनशेच्या घरात चित्रपट. गिनेस बुकाने सर्वाधिक पडदाभूमिका करणारी अभिनेत्री म्हणून त्यांची नोंद केली. आणि तरी ‘मॅरियन स्टोन’ म्हटल्यावर शंभरातल्या नव्याण्णव ब्रिटिश माणसांच्या डोळ्यांसमोर काही येणार नाही. फोटो दाखवला तर मात्र म्हणतील, अरे, ही तर ती! ती म्हणजे नर्स, सेक्रेटरी, बारवरची बाई, घरमालकीण, कोणाची तरी कजाग शेजारीण. ‘कॅरी ऑन’ मालिकेतल्या नऊ चित्रपटांत त्या आहेत. खरं सांगायचं तर ‘कॅरी ऑन’चा विनोद मला झेपत नाही. आमच्याकडच्या वगातला चावटपणा परवडला, त्याला निदान लय असते. पण त्यांतही या बाई आल्या की मी सावरून बसते. त्या विनोद करत नाहीत. आपलं काम नीट करायला आलेल्या बाईसारख्या येतात, दोन वाक्यं फेकतात आणि जातात. आजूबाजूचे सगळे आरडाओरड करत असताना त्यांचं ते साधेपण उठून दिसतं.

स्टॅन्ली क्युब्रिकने 1962 च्या ‘लोलिता’त त्यांना घेतलं. चित्रपट अमेरिकेत घडतो, पण चित्रीकरण एल्स्ट्रीला झालं, म्हणून ब्रिटिश नटांची सोय लागली. पीटर सेलर्सच्या क्लेअर क्विल्टीबरोबर सावलीसारखी असणारी व्हिव्हियन डार्कब्लूम म्हणजे मॅरियन स्टोन. शाळेच्या नाचाचा प्रसंग मी पुनःपुन्हा पाहिला आहे. काळा पोशाख, कपाळावर काळ्या केसांची झालर, चेहरा दगडासारखा. ती सेलर्सबरोबर नाचते आहे. तिकडून शेली विंटर्स येते, मध्ये शिरते, त्याच्या कानाशी लागून जुन्या ओळखीचं काहीतरी कुजबुजते. सेलर्स टाळाटाळ करतो. या सगळ्या वेळात ती बाई बाजूला उभी आहे. रागावत नाही, हसत नाही, दुखावतही नाही. एक शब्द नाही तिला. पण क्विल्टी कसल्या विकृत जगातून आलाय हे आपल्याला सेलर्सच्या बडबडीपेक्षा तिच्या त्या थंड उभं राहण्यातून आधी समजतं. सेलर्सइतका चेहरे बदलणारा नट शेजारी असताना काहीच न करणं, हे धाडस आहे. या चित्रपटात त्यांचं नाव टायटल्समध्ये आहे, हे सांगायला हवं.

पण दोनच वर्षांनी, बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये, पत्रकारांच्या घोळक्यातली बाई त्याच, आणि तिथे नाव नाही. दोनशेच्या घरातल्या त्या कामांत अशी बिननावाची किती! आणि या बाईंचं लग्न कोणाशी झालं होतं? पीटर नोबल यांच्याशी, म्हणजे ब्रिटिश चित्रपटसृष्टीचं वार्षिक संपादित करणाऱ्या, कोण काय करतो याची नोंद ठेवणं हाच ज्यांचा व्यवसाय, अशा पत्रकाराशी. घरात सगळ्या इंडस्ट्रीच्या नावांची वही आणि बाहेर स्वतःचं नाव गायब.

इथे कोणी म्हणेल, छोटं काम ते छोटंच, त्याचा एवढा बाऊ कशाला. तर मग हर्मायनी बॅडली यांचं बघा. 1959 चा ‘रूम अ‍ॅट द टॉप’. नायिकेची मैत्रीण एल्सपेथ, पडद्यावर एकूण 2 मिनिटं 19 सेकंद. तेवढ्यावर ऑस्करचं नामांकन मिळालं. अभिनयासाठी नामांकन मिळालेल्या भूमिकांत इतकी लहान दुसरी नाही. त्या वर्षी पुरस्कार मिळाला तो शेली विंटर्स यांना, ज्या पुढे एल्स्ट्रीत येऊन मॅरियन स्टोनला बाजूला सारून सेलर्सच्या कानाशी लागल्या! पण मतदारांना अडीच मिनिटांच्या आतली भूमिका दिसली, मोठ्या भूमिकांच्या रांगेत उभी करावीशी वाटली, हे महत्त्वाचं. आणि दिसली, कारण पाटीवर नाव होतं. नाव नसतं तर मत कोणाला दिलं असतं?

पुरस्कारांच्या बाबतीत आम्हा मराठी माणसांचा एक हळवा कोपरा आहे, तोही सांगून टाकते. 1983 मध्ये आमच्या रोहिणी हट्टंगडी यांना ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश चित्रपटसृष्टीचा मानाचा पुरस्कार, मिळाला, मॉरीन स्टेपल्टन यांच्याबरोबर विभागून. अजूनही आम्ही तो अभिमानाने सांगतो. पण कस्तुरबा ही काही छोटी भूमिका नव्हती, तरुणपणापासून आगाखान पॅलेसपर्यंतचं आयुष्य होतं ते. दोन वर्षांनी, 1985 मध्ये, तोच पुरस्कार लिझ स्मिथ यांना मिळाला, ‘अ प्रायव्हेट फंक्शन’मधल्या विसरभोळ्या म्हातारीसाठी. युद्धानंतरचं रेशनिंग, घरात चोरून आणलेलं डुक्कर, त्या वासाने हैराण झालेलं घर आणि कोपऱ्यात ही म्हातारी. एकाच पुरस्कारात कस्तुरबाही बसतात आणि ही आजीबाईही. म्हणून सहायक भूमिकेचा पुरस्कार आहे ना, मग झालं, हे उत्तर पुरत नाही. त्या पुरस्काराच्या खालची पायरी, एका दिवसाच्या कामाची, कोणी मोजतच नाही.

लिझ स्मिथ यांची गोष्ट तर आमच्याकडच्या कुठल्याही बाईला आपली वाटेल. जन्म 1921, स्कन्थॉर्प. लग्न, दोन मुलं, मग घटस्फोट. पोट भरायला मिळेल ते काम, आणि संध्याकाळी अभिनयाचे वर्ग. 1970 च्या ख्रिसमसच्या सुमारास त्या लंडनच्या हॅमलीजमध्ये खेळणी विकत होत्या, तेव्हा माइक ली या नवख्या दिग्दर्शकाचं बोलावणं आलं. पन्नाशी दाराशी आली होती. तिथून पुढे चार दशकं म्हाताऱ्या बायकांची कामं, एकाहून एक. ज्या वयात नायिका निवृत्त होतात त्या वयात यांचा पहिला खरा चित्रपट!

केटी जॉन्सन यांना तर त्याहून उशीर झाला. जन्म 1878. तरुणपणापासून रंगभूमीवर, 1932 पासून चित्रपटात बारीकसारीक कामं. ‘द लेडीकिलर्स’साठी त्यांचं नाव निघालं तेव्हा निर्मात्यांना वाटलं, बाई फार नाजूक, एवढं काम झेपायचं नाही. म्हणून तरुण नटीला घेतलं आणि ती चित्रीकरणाआधीच वारली, अशी हकीकत सांगतात. शेवटी काम केलं केटी जॉन्सननेच. पाच दरोडेखोरांना घरात ठेवून घेणारी, पोपटांची काळजी करणारी, भोळी आणि तरीही अढळ अशी मिसेस विल्बरफोर्स. सत्त्याहत्तराव्या वर्षी बाफ्टा, सहायक अभिनेत्रीचा नव्हे, सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचा. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. अ‍ॅलेक गिनेस आणि सेलर्स यांच्यासमोर उभं राहायचं बळ त्यांनी आणलं कुठून? त्या वीस-पंचवीस वर्षांच्या बारीकसारीक कामांतून. ती कामं आज कुठे आहेत? काही चित्रपटांत त्या आहेत, नाव नाही.

जोन हिकसन यांचं तसंच. अगाथा ख्रिस्तींनी त्यांना चाळीसच्या दशकात नाटकात पाहिलं आणि पत्र लिहून कळवलं, की तुम्ही कधीतरी माझी मिस मार्पल, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांतली गुन्हे उकलणारी म्हातारी, करावी. तो दिवस उजाडला 1984 मध्ये, बाई तेव्हा 78 वर्षांच्या. मधली चाळीस वर्षं त्या काय करत होत्या? ‘सेव्हन डेज टू नून’मध्ये मांजरांच्या गराड्यात सिगरेट ओढणारी घरमालकीण होत्या, आपल्या भाडेकरूकडे संशयाने बघणारी. ‘मर्डर, शी सेड’मध्ये मार्गारेट रदरफोर्ड मिस मार्पल होत्या आणि हिकसन त्याच चित्रपटात घरकाम करणारी मिसेस किडर. दुसरी नटी मार्पल करतेय आणि आपण तिच्यासमोर फडकं घेऊन उभ्या. बीबीसीच्या मालिकेत मिस मार्पल जेव्हा मान जराशी कलती करून समोरच्याला बोलू देते, तेव्हा मला त्या सगळ्या घरमालकिणी, मोलकरणी, परिचारिका तिच्यामागे दिसतात. दारातून लोकांकडे बघायची सवय होती ना त्यांना.

एक गोष्ट जरा कडवट आहे, पण लिहिते. या सगळ्या बायकांना मिळालेल्या भूमिकांची यादी करा. मोलकरीण, स्वयंपाकीण, भाड्याने खोल्या देणारी, पबवाली, नर्स, टेलिफोन ऑपरेटर, कारखान्यातली कामगार. त्या काळच्या ब्रिटिश चित्रपटांत नायक-नायिका बहुतेक करून चांगल्या घरातले. कष्टकरी बाई पडद्यावर यायची ती बहुधा अशाच दोन मिनिटांच्या भूमिकेतून, आणि तिचं दुःखही विनोदाच्या वाट्याला जायचं. ‘ब्रीफ एन्काउंटर’मध्येच पाहा, लॉराच्या प्रेमाला कॉन्चेर्टो आणि चहाच्या स्टॉलवरच्या मर्टलच्या प्रेमाला हशा. म्हणजे टायटल्समधून जी नावं गळली ती कुठल्याही नटांची गळली नाहीत. दार उघडणाऱ्यांची गळली. लॉर्ड आणि लेडी यांची नावं बहुतेक जागच्या जागी आहेत.

आणि मोठं झालेल्यांची? ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’च्या सुरुवातीला एक तरुण मुलगी क्षणभर येते, अ‍ॅलेक गिनेसचे आभार मानते, जाते. ती ऑड्री हेपबर्न. दोन वर्षांत ती जगप्रसिद्ध झाली, म्हणून आज त्या क्षणाची चित्रं कौतुकाने छापली जातात. त्याच चित्रपटात घरंदाज म्हातारीचं झकास काम करणाऱ्या एडी मार्टिनचं चित्र कोण छापतो?

आता आपल्या अडचणींकडे येते. त्या मला दिसत नाहीत असं समजू नका.

पहिली अडचण तत्त्वाची. संग्रहाने मूळ कृतीत ढवळाढवळ करायची नाही. आंतरराष्ट्रीय चित्रपट संग्रह महासंघाची, म्हणजे फियाफची, तशी आचारसंहिता आहे आणि 1938 मध्ये तो महासंघ स्थापणाऱ्यांत आपण स्वतः होता. अगदी मान्य. मूळ टायटल्सना कोणी हात लावू नये. लीनने जशा पाट्या केल्या तशाच राहू देत. पण आपली रिस्टोरेशनची पाटी मूळ चित्रपटात होती का? ती आज जोडली, आणि ती आजची आहे हे प्रेक्षकाला समजतं. तिला लागूनच ही दुसरी. ‘द एंड’ झाल्यावर, पडदा काळा झाल्यावर. तिने कोणाची कलाकृती बिघडत असेल तर निधी देणाऱ्यांच्या नावांनीही बिघडत असली पाहिजे.

दुसरी अडचण खात्रीची. चुकीचं नाव कायमचं कोरलं गेलं तर? रास्त भीती आहे. म्हणून फक्त पक्की नावं घ्या. आणि पुरावे तर आपल्याच घरात आहेत. 1934 पासून 1991 पर्यंत आपण ‘मंथली फिल्म बुलेटिन’ चालवत होता. त्यात चित्रपटामागून चित्रपट, नटांच्या नावांसह नोंदवला जाई. शिवाय आपल्या संग्रहात पटकथा आहेत, निर्मितीचे कागद आहेत, स्थिरचित्रं आहेत. ज्यांची ओळख अर्धवट आहे त्यांना तूर्त वगळा, पण त्यांचे चेहरे लोकांसमोर ठेवा आणि विचारा, हे कोण? त्या नटांची मुलं-नातवंडं अजून आहेत. त्या काळी क्लॅपर धरणारी पोरं आज नव्वदीकडे झुकली असतील. त्यांना विचारायला फार वर्षं हातात नाहीत. वॉरिकशरमध्ये गेडनला आपण जे भांडार बांधलंत तिथे उणे 5 अंश तापमान आणि 35 टक्के आर्द्रतेत फिल्म शतकानुशतकं राहील असं म्हणतात. माणसांची स्मृती अशी गोठवून ठेवायची सोय अजून निघालेली नाही.

तिसरी अडचण, म्हणजे मला येणारं तिसरं उत्तर: इंटरनेटवर हे सगळं आहेच की. आहे. पण ते शोधायला आधी कोणीतरी शोधावंसं वाटायला हवं. चित्रपटगृहात बसलेला माणूस फोन काढून चेलोवालीचं नाव शोधत नाही. आणि शोधलं तरी तिथे नावापुढे कंसात ‘श्रेय नाही’ असा शेरा सापडतो. ऐंशी वर्षांनंतरही तो शेरा तसाच. आपण तिला श्रेय द्या म्हणजे तो शेरा पुसता येईल.

पैशांचं विचारू नका. एवढ्या मोठ्या कामात एका पाटीचा खर्च काय असणार.

काही स्नेह्यांनी मला विचारलं, लंडनला कशाला लिहितेस, पुण्यात आपलाही चित्रपट संग्रह आहे, आपल्या जुन्या चित्रपटांतल्या बिननावाच्या बायका काय कमी आहेत? अजिबात कमी नाहीत, आणि तिकडेही लिहिणार आहे. पण इथली यादी हाताने जमवावी लागेल, ते पत्र लांबणार. आपल्याकडे लंडनला निदान माहिती तयार आहे, कागद फायलीत आहेत, पाटी जोडायची रीतही चालू आहे. ज्याचं काम सोपं त्याने आधी करावं.

माझी सूचना अशी. सगळं एकदम करू नका. पुढच्या वर्षी जे दोन-चार जुने चित्रपट रिस्टोर होऊन बाहेर पडतील तेवढ्यांपासून सुरुवात करा. ‘ब्रीफ एन्काउंटर’ची नवी प्रत पुन्हा कधी काढाल तेव्हा पहिलं नाव आयरीन हँडल यांचं घाला, आणि त्यांच्या दोन्ही भूमिका लिहा, चेलोवादक आणि ऑर्गनवादक, कारण दोन्ही एकच बाई आहे हे कळलं नाही तर तो विनोदच हुकतो. ‘अ हार्ड डेज नाइट’चे हक्क दुसऱ्यांकडे असतील तर त्यांना आपण शब्द टाका, आपलं ऐकतील. आणि ज्यांची नावं लिहाल त्यांच्या कुटुंबीयांना पाटी दाखवायला एकदा साउथबँकला, आपल्या लंडनच्या चित्रपटगृहात, बोलवा. चहा आपल्याकडून.

उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल, मी ते मराठीत करून इथल्या वाचकांना देईन.

कळावे,
लोभ असावा,

पुण्याची एक प्रेक्षक